नानांचा ‘चुंबकाचा शेक’: बडोद्यातल्या एका टीएमएस सेंटरचा लांबलचक रिव्ह्यू

आधीच सांगते, सेंटरचं नाव लिहिणार नाही. काही गोष्टी फार चांगल्या आहेत, काही वैताग आणणाऱ्या आहेत, आणि मला कोणाशी भांडण नकोय. पण आमच्या दांडिया बाजारच्या घरी जो येतो तो नानांना बघून झालं की जाताना दारात चपला घालता घालता मला विचारतो, ते डोक्याला चुंबकाचं मशीन लावतात (टीएमएस) ते खरंच चालतं का, एवढे पैसे कशाचे घेतात, आणि एमआरआय झालेला असताना परत कशाला काढायला लावला. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहिते, लांबलं तर लांबलं.

नाना म्हणजे माझे सासरे. सत्तरी ओलांडलेली, रेल्वेतून रिटायर. उजव्या बाजूच्या थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या अगदी आतला, मधला भाग) छोटा स्ट्रोक झाला, हात-पाय महिन्याभरात बऱ्यापैकी चालायला लागले आणि सगळे म्हणाले वाचलात, थोडक्यात निभावलं. आम्हालाही तसंच वाटलं. मग काही महिन्यांनी डाव्या अंगाची आग सुरू झाली. अर्धा चेहरा, दंड, हात, मांडी, सगळं डावं. पंख्याची हवा लागली की कळवळायचे. सदऱ्याची डावी बाही टोचते म्हणून बनियनवर बसायचे, नळाचं गार पाणी डाव्या हातावर पडलं तर उकळतं पाणी पडल्यासारखा हात मागे घ्यायचे. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, ना सूज ना लाली, त्यामुळे दोन-चार नातेवाइकांनी ‘मनाचे खेळ’ वगैरे बोलूनही घेतलं. तर ते मनाचे खेळ नसतात हो. याला स्ट्रोकनंतरचं सेंट्रल पेन म्हणतात, डेजरिन आणि रूसी नावाच्या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९०६ मध्येच थॅलॅमसच्या जखमेमुळे होणाऱ्या या दुखण्याचं वर्णन लिहून ठेवलंय. त्वचेत काही बिघडलेलं नसतं, मेंदूत ज्या ठिकाणी स्पर्श, गरम, गार या सगळ्याच्या बातम्या येतात ते ठिकाणच खराब झालेलं असतं.

गोळ्या सगळ्या झाल्या. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडायचं आणि सकाळी उठवत नव्हतं, प्रिगॅबलिनने आग थोडी कमी व्हायची पण तोल जायचा, एकदा बाथरूममध्ये पडता पडता वाचले. तेव्हा न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले की टीएमएस करून बघा, पण जिथे एमआरआयवर नेव्हिगेशन करून, म्हणजे पेशंटच्या स्वतःच्या मेंदूच्या स्कॅनवरून जागा शोधून देतात तिथेच करा, अंदाजाने डोक्यावर कॉइल ठेवणाऱ्यांकडे जाऊ नका. असं आम्ही या सेंटरला पोचलो.

टीएमएस म्हणजे काय ते थोडक्यात. आठच्या आकड्यासारखी एक तारेची कॉइल असते, ती डोक्याला टेकवतात आणि तिच्यातून क्षणभर मोठा करंट सोडतात. त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि खाली मेंदूत बारीकसा करंट तयार करतं. नियम फॅरेडेचा, १८३१ चा, आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला. माणसाच्या डोक्यावर हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं अँथनी बार्कर यांनी इंग्लंडात शेफील्डला, १९८५ मध्ये. कापाकापी नाही, भूल नाही, शॉक ट्रीटमेंटचा याच्याशी काही संबंध नाही (हे आमच्या आत्येसासूबाईंसाठी खास लिहिते). मशीन फक्त वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत पोचतं, त्याच्या खाली नाही.

आता इथेच मला पहिली शंका आली आणि मी ती डॉक्टरांना विचारली सुद्धा, की जखम आहे थॅलॅमसमध्ये, म्हणजे डोक्याच्या अगदी मध्यात, आणि तुमचं मशीन पोचतं वरवर, मग उपयोग काय? डॉक्टरांनी चिडचिड न करता कागदावर चित्र काढून समजावलं, त्याचे पूर्ण मार्क. हात हलवण्याचा जो मेंदूचा भाग असतो, मोटर कॉर्टेक्स, तो वरच असतो आणि त्याच्यापासून आत थॅलॅमसपर्यंत आणि दुखणं दाबणाऱ्या बाकीच्या जागांपर्यंत वायरिंग जातं. त्सुबोकावा नावाच्या जपानी न्यूरोसर्जननी १९९१ मध्ये थॅलॅमसच्या दुखण्याच्या पेशंटमध्ये ऑपरेशन करून मोटर कॉर्टेक्सवर इलेक्ट्रोड बसवले आणि दुखणं कमी झालं. मग लोकांनी विचार केला की तेच बाहेरून चुंबकाने का करू नये. युरोपातल्या तज्ज्ञांच्या गाइडलाइनमध्ये, २०१४ च्या आणि परत २०२० च्या, नसांच्या दुखण्यासाठी दुखऱ्या अंगाच्या उलट बाजूच्या मोटर कॉर्टेक्सवर जलद गतीने टीएमएस देण्याला सगळ्यात वरचा, ए दर्जा दिलेला आहे. आणि फ्रान्समध्ये १४९ पेशंटवर झालेली चाचणी २०२१ मध्ये छापून आली, त्यात २२ आठवड्यांत १५ सेशन दिले होते आणि मोटर कॉर्टेक्सवाले लोक खोट्या कॉइलवाल्यांपेक्षा (म्हणजे तुलनेसाठी ज्यांना मशीन लावल्याचं नुसतं नाटक करतात) आणि कपाळामागच्या भागावर दिलेल्यांपेक्षा बरे निघाले. त्या चाचणीतही एमआरआयवरून नेव्हिगेशन केलेलं होतं. म्हणजे नानांच्या बाबतीत डावं अंग दुखतं तर उजव्या मोटर कॉर्टेक्सवर, हाताच्या जागेवर.

तर एमआरआय. फोनवर विचारलं तेव्हा रिसेप्शनवाल्या मुलीने सांगितलं जुने रिपोर्ट घेऊन या बस. आम्ही स्ट्रोकच्या वेळची सीडी घेऊन नानांना रिक्षात बसवून, डाव्या बाजूला हवा लागू नये म्हणून उजवीकडे सरकवून, भर दुपारी पोचलो आणि तिथे गेल्यावर कळलं की ती सीडी चालत नाही. कारण नेहमीच्या एमआरआयमध्ये चार-पाच मिलिमीटर जाडीचे काप असतात, डॉक्टरला जखम बघायला ते पुरतात, पण नेव्हिगेशनच्या सॉफ्टवेअरला डोक्याचा पूर्ण थ्रीडी साचा लागतो, १ मिलिमीटरच्या आसपास कापांचा थ्रीडी टी-वन स्कॅन, नाकाचा शेंडा आणि दोन्ही कान कापले न गेलेला. बरं, हे कारण पटण्यासारखं आहे, मला त्याचा राग नाही. राग याचा आहे की हे एक वाक्य फोनवर सांगायला काय जात होतं? दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उगाच एक हेलपाटा. तुम्ही जाणार असाल तर स्कॅन सेंटरला चिठ्ठीवर ‘थ्रीडी टी-वन, नेव्हिगेशनसाठी’ असं डॉक्टरकडून लिहून घ्या आणि डायकॉम फाइल पेन ड्राइव्हवर मागा, फिल्मचा काही उपयोग नाही.

नवीन स्कॅन आणल्यावर मात्र मजा आली. मशीन चालवणाऱ्या ऑपरेटर बेनने (बेन म्हणजे गुजरातीत ताई) नानांचं डोकं स्क्रीनवर उभं केलं, नाक, कान, सुरकुत्या सगळं ओळखू येईल असं, नाना स्वतःकडे बघून म्हणाले ‘हा तर माझा भाऊ’. मग तिने वरची कातडी आणि कवटी एकेक थर काढत मेंदूच्या वळ्या दाखवल्या. हाताचा भाग ओळखायची खूण असते, त्या वळीला तिथे एक गाठीसारखा फुगवटा असतो, आडव्या कापात उलटा ओमेगा दिसतो. एकदा दाखवला की आपल्यालाही सापडतो, मी नंतरच्या वेळी आधीच बोट दाखवायला लागले होते. तिने तिथे एक टिंब ठेवलं, झालं टार्गेट.

पुढचं काम कॅमेऱ्याचं. नानांच्या कपाळाला एक पट्टा, पट्ट्यावर तीन चकचकीत गोळे, कॉइलवरही तसेच गोळे, आणि समोर स्टँडवर इन्फ्रारेड कॅमेरा जो हे सगळे गोळे सारखे बघत असतो. बेन हातात एक पॉइंटर घेऊन नाकाच्या मुळाशी, मग दोन्ही कानांपाशी टेकवते, नंतर डोक्यावर इकडे तिकडे बरेच ठिपके घेते, मग सॉफ्टवेअर खरं डोकं आणि स्क्रीनवरचं डोकं जुळवतं आणि किती मिलिमीटरची चूक राहिली ते दाखवतं. जास्त आली की परत पहिल्यापासून. नानांची चूक रोज जास्त यायची, शिवाय सेशनच्या मध्येच टिंब सरकायचं, बेन हैराण, कॅमेरा पुसून झाला, पट्टा बदलून झाला. शेवटी तिने नानांच्या डोक्याला हात लावून वास घेतला आणि म्हणाली, ‘काका, आजे तेल नाखीने आव्या छो ने?’ नाना आयुष्यभर अंघोळीनंतर खोबरेल तेल चोपडतात, एक दिवस चुकला नाही, त्या तेलाने पट्टा घसरत होता! लाखांची मशीन आणि पॅराशूटची बाटली. त्या दिवसापासून सेशनच्या आधी तेल बंद, चूक लगेच कमी.

पहिल्या दिवशी अजून एक गोष्ट करतात, डोस ठरवतात. कॉइल हाताच्या जागेवर ठेवून एकेक ठोका देतात आणि उलट्या हाताचा अंगठा बघत बसतात. ताकद कमी-जास्त करत जितक्याला अंगठा दहापैकी निम्म्या वेळा जेमतेम हलतो ती त्या माणसाची मर्यादा. नानांचा डावा अंगठा आपोआप टुणकन उडाला तेव्हा मी घाबरले आणि नाना हसायला लागले, बऱ्याच दिवसांनी. ही गोष्ट मला सगळ्यात पटली, कारण एमआरआयचं टिंब बरोबर आहे की नाही त्याचा पुरावा समोर अंगठ्याने दिला. टिंबापासून बेनने कॉइल थोडी सरकवली, थोडी फिरवली, तर अंगठा जास्त जोरात हलला, मग तिने ती जागा आणि तो कोन सेव्ह करून टाकला. कॉइल नुसती जागेवर असून भागत नाही, कॉइलची मूठ कुठल्या दिशेला आहे त्यानेही फरक पडतो हे मला तिथेच कळलं.

दुखण्याचा डोस अंगठ्याच्या मर्यादेच्या ८० टक्के, म्हणजे सेशनमध्ये हात हलत नाही. १० सेकंद टकटकटकटक, सेकंदाला १० ठोके, मग २० सेकंद शांत, असं १५ मिनिटं, एकूण ३,००० ठोके. आवाज चांगला मोठा असतो, कानात बोळे घालायलाच लावतात, नसतील देत तर मागून घ्या. डोक्याच्या कातडीवर टोचल्यासारखं होतं, पहिले एक-दोन दिवस नानांचं डोकं जड झालं होतं, बाकी काही नाही. मध्ये मध्ये ‘काका, माथुं हलावता नहीं’ हे चालू असतं. पण हललं तरी स्क्रीनवर लगेच दिसतं आणि बेन कॉइल परत जागेवर आणते. साध्या टीएमएसमध्ये टोपीवर पेनाने खूण करतात आणि पेशंट हलला तर कोणाला कळत नाही. फरक इथे आहे.

आता मुख्य प्रश्न, नेव्हिगेशनचे वेगळे पैसे द्यावे का? या सेंटरमध्ये नेव्हिगेशनवालं सेशन साध्याच्या जवळजवळ दीडपट पडतं, वर एमआरआय वेगळा. माझं मत, स्ट्रोक झालेल्या माणसासाठी द्या. कारण कोणाच्या मेंदूत कुठली वळी कुठे आहे हे बाहेरून टेप लावून कळत नाही. पूर्वी डिप्रेशनसाठी अंगठा हलतो त्या जागेपासून ५ सेंटिमीटर पुढे मोजायचे, लहान डोकं असो की मोठं, सगळ्यांना ५. त्यात बऱ्याच जणांची जागा चुकायची. स्ट्रोकनंतर तर अंगठा हललाच नाही तर शोधणार कशाच्या जोरावर. शिवाय आज दिली तीच जागा उद्या, परवा आणि दोन महिन्यांनी, ऑपरेटर बदलला तरी, हे कॅमेऱ्याशिवाय जमणार नाही.

पण जागा अचूक सापडली म्हणजे माणूस बरा झाला असं अजिबात नाही, आणि सेंटरवाले ते तसं भासवतात तिथे माझं बिनसलं. वेटिंगमध्ये एक गृहस्थ भेटायचे, स्ट्रोकमुळे हात लुळा, त्यांच्या मुलाला कोणीतरी तिथे सांगितलं होतं की नेव्हिगेशनने हात ‘नक्की’ उघडेल. मी घरी येऊन वाचलं. अमेरिकेत निश (NICHE) नावाची मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली, १९९ पेशंट, सगळ्यांना एमआरआयवरून नेव्हिगेट करून, चांगल्या बाजूच्या मेंदूला मंद गतीने टीएमएस आणि सोबत हाताचा व्यायाम. खरी कॉइल मिळालेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांचा हात सुधारला. आणि खोटी कॉइल मिळालेल्यांपैकी पण साधारण दोन तृतीयांश! म्हणजे व्यायामाने सुधारले. नेव्हिगेशन तुम्हाला बरोबर दारापर्यंत नेतं, दार उघडायला आत कोणी आहे का ते वेगळंच. मी त्या मुलाला एवढंच म्हटलं की बाबा, टीएमएस करायचं तर कर पण फिजिओ एक दिवस चुकवू नको.

दुसरं, फंक्शनल एमआरआयचं पॅकेज. काउंटरवर एक मॅनेजर बसतो, डॉक्टर नाही, त्याने आम्हाला ‘प्रीमियम’ घ्या म्हणून बराच आग्रह केला. यात पेशंट नुसता पडलेला असताना मेंदूचे कुठले भाग एकमेकांबरोबर काम करतात ते बघून टार्गेट ठरवतात. ब्रोशरमध्ये स्टॅनफर्डचं नाव मोठ्या अक्षरात. आता स्टॅनफर्डचं काम खरं आहे, रोज १० सेशन असे ५ दिवस, फंक्शनल एमआरआयवरून जागा ठरवून, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणारं सरकारी खातं) त्याला परवानगी दिली. पण ते डिप्रेशनसाठी आहे, दुखण्यासाठी नाही. आणि त्या चाचणीत माणसं होती २९, तुलना खोट्या कॉइलशी होती, त्यामुळे फायद्यातला किती वाटा फंक्शनल एमआरआयचा आणि किती दिवसाला १० सेशनचा ते त्यातून सुटं करता येत नाही. उलट इंग्लंडमध्ये ब्राइटमाइंड नावाची २५५ पेशंटची चाचणी झाली, २०२४ मध्ये आली, त्यात एका गटाला फंक्शनल एमआरआयवरून ठरवलेली जागा आणि दुसऱ्याला साध्या एमआरआयवरून नेव्हिगेट केलेली नेहमीची जागा. दोन्ही गट बरेच सुधारले आणि दोघांत फरक निघाला नाही. मी हे डॉक्टरांना विचारलं तर ते स्वतःच म्हणाले की काकांना त्याची काही गरज नाही, साधा थ्रीडी स्कॅन पुरे. मग काउंटरवर कशाला विकता? यावर ते फक्त हसले. डॉक्टर माणूस सरळ आहे, दुकान दुसऱ्या कोणाचं तरी आहे असं दिसतं.

भिंतीवरच्या पोस्टरबद्दलही लिहिते. डिप्रेशन आणि ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती परत परत होण्याचा आजार) ठीक, त्यांना एफडीएची मान्यता आहे, २००८ ची आणि २०१८ ची. पण त्याच ओळीत मुलांची एकाग्रता, परीक्षेची भीती, स्मरणशक्ती वाढवणे, आणि वर ‘१०० टक्के सेफ’. शंभर टक्के काही नसतं. फिट येण्याचा धोका फार कमी असला तरी असतो, स्ट्रोक झालेल्या मेंदूत जास्त लक्ष ठेवावं लागतं, म्हणून तर ते एवढा लांब फॉर्म भरून घेतात. फॉर्म मात्र चांगला आहे. डोक्यात क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर, आधी कधी फिट, रात्री झोप झाली का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. ट्रॅमाडॉल घेता का हे खास विचारलं, कारण त्या गोळीने फिट येण्याची शक्यता वाढते आणि दुखण्याच्या पेशंटला ती सर्रास दिलेली असते. नानांच्या डब्यात होती, न्यूरॉलॉजिस्टला फोन करून आधी ती हळूहळू बंद केली, मग सुरुवात. दारू घेता का हा पण प्रश्न होता, नाना म्हणाले गुजरातमध्ये हा प्रश्न लेखी विचारतात का.

आणि एसी! अहो, दुखण्यावर उपचार करायचं सेंटर, त्यात निम्मे पेशंट असे की ज्यांना हवेची झुळूक सहन होत नाही, आणि वेटिंग रूममध्ये एसी थंडगार, बरोबर सोफ्याच्या डाव्या बाजूला. नानांना शाल पांघरावी तर शालीचा स्पर्श चालत नाही, न पांघरावी तर हवा. मी तीन-चारदा सांगितलं, दर वेळी ‘हा बेन, हमणां करीए’ आणि काही नाही. शेवटी आम्ही बाहेर जिन्यापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायला लागलो. लिफ्ट आहे पण खाली रस्त्यापासून पाच पायऱ्या चढल्यावर, रॅम्प नाही, व्हीलचेअरवाल्यांना वॉचमन आणि नातेवाईक मिळून उचलतात. स्ट्रोकचे पेशंट येतात इथे, कोणाला हे सुचू नये? बिल मागितल्याशिवाय पक्कं मिळत नाही. आमच्या मेडिक्लेमवाल्यांनी ओपीडी आहे म्हणून एक रुपया दिला नाही, तुमच्या पॉलिसीत आधी विचारून घ्या, नंतर आशा धरू नका.

फायदा झाला का, तर झाला, पण ऐका नीट. पहिल्या आठवड्यात शून्य, नवरा म्हणायला लागला होता की सोडून देऊ. मग आधी झोप सुधारली, दुखणं नाही. नाना सकाळी म्हणाले काल मधे उठलो नाही. नंतर हळूहळू आकडा उतरला. तिथे रोज ० ते १० मध्ये दुखणं किती ते लिहायला लावतात, नाना आठ म्हणायचे, आता चार-पाच म्हणतात, पावसाळी हवा असली की सहा. गेलं नाहीये दुखणं. पण बाही घालून बसतात, कोमट पाण्याने दोन्ही बाजूंनी अंघोळ करतात, प्रिगॅबलिन निम्म्यावर आली आणि त्यामुळे तोल जायचा थांबला, मला विचाराल तर सगळ्यात मोठा फायदा हाच. मधे पुण्याला लग्नाला गेलो, बराच खंड पडला, तर आग परत वर चढली, आल्यावर सेशन सुरू केल्यावर उतरली. म्हणजे हे एकदा करून मोकळं व्हायचं काम नाही, सुरुवातीला रोज, मग आठवड्याला, पंधरवड्याला, महिन्याला असं चालू ठेवावं लागतं आणि तो खर्च पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही. यात मनाचा भाग किती, औषधं बदलली त्याचा किती, काळाचा किती, मी छातीठोक सांगू शकत नाही. एका माणसावरून कोणालाच सांगता येणार नाही.

शेजारच्या काकूंनी विचारलंय की त्यांच्या हाताच्या कापऱ्यासाठी (पार्किन्सन नव्हे, नुसता कंप, चहाचा कप सांडतो तो) हे चालेल का. मी डॉक्टरांना विचारून आले. त्या कापऱ्यासाठी जी जागा लागते ती थॅलॅमसमध्येच आहे आणि चुंबक तिथे पोचत नाही. त्याच्यासाठी फोकस्ड अल्ट्रासाउंड असतं, एमआरआयच्या आत झोपवून, डोकं पूर्ण भादरून, हेल्मेटमधून हजारभर ध्वनिलहरी एका टिंबावर आणतात आणि तेवढा भाग तापवून जाळतात. अमेरिकेत २०१६ पासून मान्य आहे. कापत नाहीत हे खरं, पण एकदा जाळलेलं परत येत नाही, टीएमएससारखं आज बंद केलं की संपलं असं नाही. तर काकू, वेगळी गोष्ट आहे, आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि ऑनलाइन मिळणारे ते बॅटरीचे पट्टे, कपाळाला लावायचे, ते कृपा करून कोणी मागवू नका, त्यात ना एमआरआय, ना जागा, ना डॉक्टर.

पाचपैकी साडेतीन स्टार. डॉक्टर आणि ती ऑपरेटर बेन यांना पाच. खरं तर जाण्याआधी फोन करून विचारा की बेनची ड्यूटी कधी आहे, कारण दुपारी एक नवीन मुलगा असतो तो डोकं जुळवताना चुकीचे मिलिमीटर जास्त आले तरी ‘चालशे’ म्हणून पुढे जातो, नानांनी त्याला एकदा थांबवून परत ठिपके घ्यायला लावले होते. सकाळची वेळ घ्या, गर्दी कमी असते आणि एसी अजून थंड झालेला नसतो. केस धुऊन जा, तेल लावू नका, पुढे बटणं असलेला सैल शर्ट घाला, कानातलं-चष्मा काढून ठेवायला डबी न्या. आणि पॅकेजचे पैसे एकदम भरू नका, पहिल्या दोन आठवड्यांचेच भरा, मॅनेजर डिस्काउंटचं आमिष दाखवेल तरी.